वीस मिनिटं मनमोकळ्या गप्पा

माणसांना एकत्र बसवून बोलतं करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे, असं मी चारचौघांत सांगतो तेव्हा माझी बायको भिंतीकडे बघत राहते.

जळगावच्या एका कारखान्यात मी प्रशिक्षण विभाग सांभाळतो. म्हणजे काय, तर वेगवेगळ्या खात्यांतल्या लोकांना एका हॉलमध्ये आणायचं, खुर्च्या गोलात मांडायच्या, रंगीत चिठ्ठ्या वाटायच्या आणि म्हणायचं, "आज आपण मोकळेपणानं नव्या कल्पना मांडू या." लोक मोकळेपणानं मोबाईल बघतात. मग चहा येतो. किटलीपाशी तीच माणसं तावातावानं बोलायला लागतात. ते मशीन का अडकतं, त्याला काय केलं तर अडकणार नाही, कोणाची मुलगी दहावीला आहे, सगळं तिथं निघतं. मी हॉलच्या दारात उभा राहून टाळ्या वाजवतो, "चला, चला, चर्चेला बसू या!" आणि चर्चा तिथल्या तिथे मरते.

हे मला बरीच वर्षं दिसत होतं. दिसत होतं एवढंच.

तर अशा माणसाकडे आमच्या लेकीनं एक काम सोपवलं. ती नाशिकला नोकरीला आहे. तिथंच तिला धुळ्याचा एक मुलगा भेटला. भेटला, पटला, आणि दिवाळीत घरी येऊन तिनं फराळाच्या ताटासमोर आम्हाला सांगून टाकलं. मुलगा चांगला होता. मुलाचे वडील चांगले होते. अडचण मुलाच्या आईची होती. नाही म्हणत नव्हत्या, हो पण म्हणत नव्हत्या.

त्या धुळ्याच्या देवपुरातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका. आता निवृत्त झाल्यात, पण त्यांच्याशी फोनवर बोलतानासुद्धा मी उभा राहतो, म्हणून इथं त्यांना बाईच म्हणतो. बाईंच्या हो न म्हणण्याला कारण होतं. त्यांच्या मोठ्या मुलीचं लग्न असंच एका बैठकीत ठरलं होतं. पोहे, चहा, सगळे हसतमुख, सगळे गोड. लग्नानंतर त्या गोडाचं काय झालं ते बाई सांगत नाहीत, पण मुलगी परत माहेरी आली आणि आता त्यांच्याजवळच राहते. तेव्हापासून बाईंचा पोह्यांवर विश्वास नाही.

"आई म्हणते, तासाभराच्या बैठकीत माणसं कळत नाहीत," लेक म्हणाली. "एक दिवस सगळ्यांसोबत घालवायचाय तिला. साडी-नारळ काही घेणार नाही, मानपान नको, फक्त माणसं पाहायची म्हणते. आणि बाबा, नाही पटलं तर ती नाही म्हणेल. आणि ती नाही म्हणाली तर मी तिच्या नाकावर टिच्चून लग्न करणार नाही. तिनं एकदा सोसलंय."

"आई म्हणते काय लगेच?" बायको म्हणाली. "माझी आई का तिची?"

"तिची. पण म्हणायची सवय लावून ठेवतेय."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, तुम्ही जगाच्या मीटिंगा घेता. एक माझ्यासाठी घ्या. फक्त नेहमीसारखी नको."

शेवटचं वाक्य मी ऐकलं नाही. मी आधीच कामाला लागलो होतो.

जागा तर मी झक्कास निवडली. जळगाव-धुळे रस्त्यावरचं एरंडोल. एरंडोलजवळ माझ्या चुलतभावाचं शेत आहे. तो माझ्याहून खूप मोठा, सगळं गाव त्याला आबा म्हणतं, म्हणून आम्हीही आबा म्हणतो. थंडीचे दिवस, विहिरीजवळ लिंबाची सावली. खानदेशात थंडीत शेतावर माणसं जमवायची म्हणजे भरीत पार्टीच, दुसरं काही कोणाच्या डोक्यातच येत नाही. आबांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, नेमक्या लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या. मग स्वयंपाकाचं काय? मी म्हटलं, चिंताच नको. भरीत जळगावातून तयार घेऊन येतो, पुऱ्यासुद्धा. म्हणजे धूर नाही, धावपळ नाही, कोणी स्वयंपाकात अडकून पडणार नाही. सगळ्यांना एकमेकांसाठी पूर्ण वेळ!

बायको म्हणाली, "भरीत पार्टीला विकतचं भरीत?"

मी म्हटलं, "मुख्य गोष्ट संवाद आहे."

ती भिंतीकडे बघत राहिली.

त्या दिवशी धुळ्याची गाडी आली तेव्हा माझी तयारी पूर्ण होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोलात. आमच्याकडे बाप्ये एका बाजूला आणि बाया आत, अशी बैठक असते. ती मोडायची म्हणून एक खुर्ची बाप्याची, एक बाईची. प्रत्येकाच्या छातीवर लावायला नावाची चिकटपट्टी. आबांनी आपली चिकटपट्टी हातात घेतली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटला लावून दिली.

"मला ओळखतात सगळे," ते म्हणाले. "हा नवा शे."

बाई गाडीतून उतरल्या. निळ्या काठाची सुती साडी, पायात चपला नाहीत तर बूट. सोबत त्यांचे मिस्टर, मुलगा आणि ती मोठी मुलगी. मोठी मुलगी नमस्कार करून एका टोकाच्या खुर्चीत बसली आणि तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं. गुंडाळायचं, सोडायचं. सकाळभर तिचं तेच चाललं होतं.

मी टाळी वाजवली. "आपण एक छोटासा खेळ खेळू. प्रत्येकानं स्वतःबद्दल अशी एक गोष्ट सांगायची जी कोणालाच माहीत नाही."

लांब कुठेतरी मोटर चालू होती. शेवटी मुलाचे वडील सज्जनपणे पुढे सरसावले. "मला शुगर आहे," ते म्हणाले.

"ते अख्ख्या देवपूरला माहीत आहे," बाई म्हणाल्या.

आबांची पाळी आली. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "कोणाले माहीत नाही ते सांगाले मी येडा शे का?"

माझ्या बायकोनं सांगितलं की तिला वेलदोडा आवडत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला खरंच माहीत नव्हतं, आणि त्यावर पुढे घरी बोलणं होणार हे मला तिथंच कळलं. मोठ्या मुलीनं मान हलवली, "माझं काही नाही." बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. शाळेत गोंगाट नेमका कोणी केला हे ओळखणारी ती नजर होती.

माणूस घाबरला की आपल्या हातखंडा गोष्टीकडे धावतो. मी पुन्हा टाळी वाजवली. "आता आपण वीस मिनिटं मनमोकळ्या गप्पा मारू."

अशी शांतता मी आमच्या कारखान्यात पण ऐकलेली नाही. सूर्य सरकला होता, त्यामुळे अर्धा गोल उन्हात आला आणि उन्हातली मंडळी डोळे बारीक करून सावलीतल्या मंडळींकडे बघू लागली. लेक माझ्याकडे बघत होती. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती हिरमुसली होती. बाई पुढे वाकून आपल्या मिस्टरांना हळूच काहीतरी म्हणाल्या, आणि मिस्टरांनी घड्याळ पाहिलं.

मी म्हटलं, "जेवणच करून घेऊ!"

आणि डबे उघडले.

तो क्षण माझ्या आयुष्यातल्या मोजक्या क्षणांत धरावा लागेल. स्टीलच्या मोठ्या डब्यात काल रात्रीचं, थंड झालेलं, वर तेलाचा थर गोठलेलं भरीत. चारी बाजूंना वांगी, कपाशी, मोकळं रान, आणि मधोमध तो डबा. आबा खुर्चीतून उठले, डब्यात डोकावले, आणि त्यांचा चेहरा पडला.

"हाई काय शे?"

"भरीत, आबा."

"कोनी भाजं?"

"दुकानातून आणलं."

"मना वावरमा दुकाननं भरीत?" आबांचा आवाज विहिरीपर्यंत गेला. "आन् पाव्हण्यांसमोर? लोकं काय म्हनतीन? अरे, वांगी बांधाले लागेल शेत ना!"

वांगी खरंच बांधावर लगडलेली होती, तरी मी मध्ये काहीतरी संवादाबद्दल बोलायचा प्रयत्न केला. आबांनी ऐकलं नाही. "उठा, बठ्ठा उठा!" ते सगळ्यांना म्हणाले आणि खरोखरच खुर्च्या उचलायला लागले. पाहुण्यांच्याही. बाईंची खुर्ची त्यांनी बाई जेमतेम उभ्या राहिल्या तोच उचलली. मी डोळे मिटले. मानपान नको म्हणणं वेगळं आणि बुडाखालची खुर्ची जाणं वेगळं.

पण खुर्च्याच नाहीत म्हटल्यावर माणसं करणार काय? मुलगा आणि माझी लेक वांगी तोडायला बांधाकडे गेले. मुलाच्या वडिलांनी स्वतःहून कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा भारा ओढत आणला आणि शुगरची गोष्ट विसरून धापा टाकत हसले. माझ्या बायकोनं घरातून कळण्याचं पीठ शोधलं, ज्वारी-उडदाचं, आणि तीन दगडांची चूल मांडली. बाई मधोमध कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मग त्यांनी पदर खोचला.

"मिरच्या कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"तेलात परतायच्या आहेत," बायको म्हणाली.

"परतायच्या? वांग्याबरोबर जाळात नाही टाकत तुम्ही? भाजलेल्या मिरचीचा वास कसा येणार मग?"

"आमच्या जळगावात परततात."

"म्हणूनच."

त्या 'म्हणूनच'वर बायकोचे डोळे चमकले. वीस मिनिटांच्या गप्पांत न झालेली गोष्ट झाली होती. दोघींचं वाजलं होतं. निम्म्या मिरच्या परतायच्या आणि निम्म्या भाजायच्या असा तह झाला, आणि तो करताना दोघी इतकं बोलल्या की मी लांबूनच कान लावून उभा राहिलो.

मला काम हवं होतं. आबा म्हणाले, "तू वांगं धू, टोचे मार आन् आणून दे." भरताचं वांगं आमच्याकडे पोराच्या डोक्याएवढं होतं, हिरवट पांढरं. जाळात टाकण्याआधी त्याला चाकूनं टोचे मारायचे असतात, नाही तर आतली वाफ कोंडते. हे खानदेशातल्या शेंबड्या पोराला माहीत असतं. मलाही माहीत आहे. पण मी वांगी धूत असताना पाठीमागे बाई बायकोला मोठीच्या बैठकीबद्दल सांगायला लागल्या, आणि माझा हात थांबला.

"सगळे इतके गोड बोलत होते हो," बाई सांगत होत्या. "त्या दिवशी मला एक शब्द खटकला नाही. तेच खटकायला हवं होतं."

बायको भाकरी थापत होती. ते तिनं थांबवलं नाही हे बरं झालं. हात थांबले असते तर बाईही थांबल्या असत्या.

"टोचे मारले का रे?" आबांनी ओरडून विचारलं.

"मारले, मारले," मी म्हटलं, आणि शेवटची दोन वांगी तशीच पुढे दिली.

जाळ मस्त लागला होता. काड्या तडतडत होत्या, वांग्यांची सालं काळी पडत होती. आता सगळं आपल्या हातात आहे असं वाटून मी जाळाशेजारी उकिडवा बसलो आणि मुलाच्या वडिलांना समजावू लागलो, की अशा अनौपचारिक वातावरणात माणसाची सर्जनशीलता कशी फुलते.

वांगं फुटलं.

फुटलं म्हणजे सुतळी बॉम्बसारखं फुटलं. गरम गर माझ्या नव्या जाकिटावर, चष्म्यावर, कानात. मी मागे पडलो तो सरळ काड्यांच्या भाऱ्यावर. एक ठिपका उडाला तो बाईंच्या साडीच्या निळ्या काठावर जाऊन बसला. चष्म्यावर वांगं असल्यामुळे मला कोणाचे चेहरे दिसत नव्हते, ही त्यातल्या त्यात देवाची दया.

मग हसू ऐकू आलं. बारीक, दाबलेलं, मग दाबता न आलेलं. आधी मला वाटलं लेक असेल. चष्मा पुसला तर ती मोठी मुलगी होती. ओढणी तोंडावर धरून ती अशी हसत होती की तिला खाली बसावं लागलं. "काका, तुमची... तुमची सर्जनशीलता..." इतकंच तिला म्हणता आलं. मग दुसरं टोचे न मारलेलं वांगंही फुटलं, आणि तिनं हात जोडले, "बस काका, बस!"

आता सगळेच हसत होते. मीही. काय करणार? कानात वांगं घेऊन माणसाला रुबाब धरता येत नाही. माझ्या लेकीनं माझं जाकीट काढलं आणि म्हणाली, "आई, बाबांना पण सोलून ठेचायचं का?" बायको म्हणाली, "नको, कडू निघतील."

बाई मात्र माझ्याकडे बघत नव्हत्या. साडीवरच्या ठिपक्याकडेही नाही. त्या मोठीकडे बघत होत्या. हातात मिरची तशीच होती. किती दिवसांनी त्यांनी ते हसू ऐकलं असेल मला माहीत नाही. पण कुठून तरी लांबून कोणी हाक मारावी आणि ती हाक आपल्यालाच आहे का हे नीट कळू नये, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

मग त्यांनी मिरची जाळात टाकली आणि माझ्याकडे वळल्या. "टोचे मारले म्हणालात ना?"

"हो... म्हणजे दोन राहिली."

"वर खोटं बोललात?"

"हो, बाई."

मी उभा राहिलो होतो. आपोआप.

"लसूण सोला," त्या म्हणाल्या. "सगळा."

पुढचा सगळा वेळ मी लसूण सोलला. भाजलेली वांगी लाकडी पात्रात आली. मोठ्या मुलीनं मुसळ हातात घेतलं, माझ्या लेकीनं पात्र धरलं, आणि ठेचता ठेचता दोघी काहीतरी बोलत होत्या. ठेचण्याच्या आवाजात मला फक्त तुकडे ऐकू आले. एकदा मोठी म्हणाली, "तो रुसला ना, की झोपतो. खुशाल झोपू द्यायचं." माझी लेक म्हणाली, "मी उठवून भांडते." "मग छान जमेल तुमचं," मोठी म्हणाली.

जेवायला बसलो तेव्हा सगळे जमिनीवर, आपापल्या जागा स्वतः निवडून. कोण कोणाशेजारी बसलं ते मी ठरवलं नव्हतं, म्हणून नीट बसले होते. भाजलेल्या मिरचीचं भरीत चांगलं की परतलेल्या, यावर धुळे विरुद्ध जळगाव असं जुंपलं. बाईंचे मिस्टर फितूर होऊन जळगावकडे आले. बाई म्हणाल्या, "घरी चला, मग बघते." आबांनी ट्रॅक्टरलाही विचारलं. ट्रॅक्टर तटस्थ राहिला.

मध्येच एक सांगतो. त्यानंतर आमच्या कारखान्यातल्या मीटिंगमध्ये मी रंगीत चिठ्ठ्या बंद केल्या. आता टेबलावर भुईमुगाच्या शेंगा ठेवतो, न फोडलेल्या. हात शेंगेत गुंतले की डोळे खाली जातात, आणि डोळे खाली गेले की तोंडं उघडतात. कधी कधी इतकं बोलतात की चहाला उशीर होतो. टरफलं कोणी उचलायची यावरून साहेबांनी मला बोलावून घेतलं होतं, ते सोडा.

तर उन्हं उतरली. धुळ्याची गाडी निघायची वेळ झाली आणि मी पुन्हा बाईंच्या चेहऱ्याकडे बघू लागलो. दिवस छान गेला होता, पण छान दिवसांवरच तर बाईंचा विश्वास नव्हता. माझी बायको साडीची पिशवी पाठीमागे धरून उभी होती. द्यावी की नको? त्यांनी आधीच नाही म्हटलं होतं. लेक विहिरीपाशी उगाच दोर गुंडाळत होती.

बाई गाडीत बसल्या. दार लावलं. काच खाली केली.

"ते दुकानाचं भरीत कुठे आहे?"

मला वाटलं, जाता जाता एक टोला. मी म्हटलं, "आहे तसंच, बाई. गुरांना..."

"गुरांना कशाला? द्या इकडे. सकाळी गरम करून खाईन. याह्यांनी एवढ्या हौसेनं आणलं, नावं तरी नीट ठेवता आली पाहिजेत."

आमच्याकडे व्याह्याला याही म्हणतात. ते ऐकून विहिरीपाशी दोर हातातून सुटला आणि बादली धबाककन पाण्यात पडली. बायको डबा द्यायला धावली. साडीची पिशवी तिनं डब्याबरोबरच खिडकीतून आत सारली, आणि ती आतच राहिली. मागच्या सीटवरून मोठी मुलगी वाकून म्हणाली, "काका, पुढच्या वेळी टोचे मी मारते."

गाडी गेली. मी बायकोला म्हटलं, "त्या याही म्हणाल्या ना? तू ऐकलंस ना?"

"चिडवायला पण म्हणतात," ती म्हणाली. पण रात्री तिला झोप नव्हती, आणि वेलदोड्याचा विषयसुद्धा तिनं काढला नाही.

सकाळी फोन आला. मी उभा राहून उचलला.

"मीठ जास्त आहे," बाई म्हणाल्या. "तेल फार. कांद्याची पात शिळी. आणि वांगी गॅसवर भाजलीत, धुराचा वास नाही."

"हो, बाई."

"लग्नात असलं चालणार नाही. जेवणाचं मी आणि तुमची मिसेस बघू. तुम्ही लसूण सोला."

लेक माझ्या खांद्याला कान लावून उभी होती. तिनं फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "आई..."

बायको भिंतीकडे बघत होती. पण हसत होती.